एकाच हातची गाडी

निदिया आरोयावे ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं, आणि तिचे पाय थेट पेडलांवर टेकले.

झालं ते एवढंच. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलंही नसतं. पण निदिया होती ठेंगणी. कुठल्याही गाडीत बसलं की आधी सीटखालचा दांडा चाचपायचा, अख्खी सीट पुढे ओढायची, मग डोक्यावरचा आरसा खाली वळवायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. इथे काहीच करावं लागलं नाही. आरशातसुद्धा मागची काच नेमकी मधोमध दिसत होती, आणि काचेपलीकडे चिप्रेच्या टेकडीवरून खाली उतरणारं धुकं. गाडी विकणारा एफ्रेन बुरितिका बाहेर उभा होता, तो ताडासारखा उंच. खिडकीतून बोलायला त्याला कमरेत वाकावं लागत होतं. "एकाच हातची गाडी आहे, सेन्योरा," तो नुकताच म्हणाला होता. "माझ्याच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही." हा माणूस या सीटवर बसला असता तर त्याचे गुडघे कानाला लागले असते. निदियाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. बोलायचं नाही, आधी सगळं बघून घ्यायचं. माणसाला त्याच्या खोट्यात आणखी दोन पावलं पुढे जाऊ द्यायचं. ही विद्या तिने फुकट कमावली नव्हती.

तिच्या नवऱ्याच्या, ओविदियोच्या गाडीत शेजारची सीट मागे रेललेली असायची. निदिया बसायची, सीट सरळ करायची, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा रेललेली. कितीतरी महिने ती नुसती सरळ करत राहिली, जशी आपण भिंतीवरची वाकडी तसबीर येता-जाता सरळ करतो. मग एकदा विचारलं. ओविदियो म्हणाला, कचेरीतल्या एका माणसाचा पाय दुखतो, त्याला सोडतो मी घरी. त्या पाय दुखणाऱ्या माणसाचं नाव, पत्ता, दुखणं, औषध, सगळं तो इतक्या तपशिलात सांगायचा की निदियाला त्या माणसाची कणव यायला लागली होती. तो माणूस नव्हताच. परेरा शहरात एक घर होतं, घरात एक बाई होती, आणि त्या घराच्या गच्चीवर ओविदियोचे शर्ट वाळत होते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. निदिया तेव्हापासून पाणीही फुंकून पीत होती.

ती खाली उतरली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट.

"मी फोनवर म्हटलं होतं, गाडी गार असताना बघायचीय."

"फाटकातून बाहेर काढली, तेवढंच," एफ्रेन म्हणाला. "चढ आहे ना."

चढ तर या शहरात सगळीकडेच होता. मानिसालेसमध्ये सपाट म्हणजे फक्त जेवायचं टेबल. पण गार इंजिन पहिल्या चावीत सुरू होतं की खोकत-खोकत, हेच तर बघायचं असतं, आणि नेमकं तेच त्याने आधी उरकून घेतलं होतं. तिने बॉनेट उघडलं. तेलाच्या झाकणाची आतली बाजू बोटाने पुसून पाहिली. दुधट साय नव्हती, म्हणजे पाणी तेलात शिरलेलं नव्हतं. हवेचा फिल्टर काढून झटकला, तर करडी राख उडाली. त्यात त्याचा काही दोष नव्हता. शहरामागच्या ज्वालामुखीने हवेत सोडलेली ती राख तिच्या स्वतःच्या खिडक्यांवर, कुंड्यांवर, उशीच्या अभ्र्यावरही होती. मग ती गाडीभोवती सावकाश फिरली, आणि डाव्या दारापाशी थबकली.

दार पांढरं होतं. गाडीही पांढरी होती. पण निदिया दातांचं काम करायची. गल्लीच्या तोंडाशी तिची छोटी कार्यशाळा होती आणि तिथे ती कवळ्या घडवायची, पुढचे दात बसवायची. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते तिला विचारावं. हाडाचं पांढरं, दुधाचं पांढरं, तंबाखू ओढणाऱ्याचं पांढरं. खोट्याला खऱ्यासारखं दिसायला लावणं हाच धंदा असल्यावर दुसऱ्याने केलेलं काम नजरेतून कसं सुटणार?

"हे दार रंगवलंय."

एफ्रेन खांद्यावरचा रुआना, तो लोकरी अंगरखा, सारखा करत राहिला. "गेल्या वर्षी. फाटकाच्या खांबाला घासलं."

"कुणी घासलं?"

"मी. दुसरं कोण?"

उत्तर यायला क्षणभर उशीर झाला होता. निदियाने तो क्षण मनात जपून ठेवला. उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या कडा फुटपाथला घासून-घासून करवतीसारख्या झाल्या होत्या. अंगणाच्या भिंतीवर या माणसाची हत्यारं टांगलेली दिसत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकाभोवती त्याच्या आकाराची रंगाची रेघ. आणि असा माणूस गाडी लावताना दर वेळी फुटपाथ खरवडतो? तिने डिकी उघडली, गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घातला, कोरडा. नाक खाली नेऊन वास घेतला. रबराचा, फक्त रबराचा. पुन्हा आत बसून तिने डॅशबोर्डवरून बोट फिरवलं, तर बोट जागोजाग अडखळलं. चौकोनी, चिकट खुणा. काहीतरी चिकटवलेलं होतं, एक नव्हे, अनेक, आणि नंतर ते खरवडून काढलं होतं. वाकून पाहिल्यावर त्या चौकोनांच्या आतला प्लास्टिकचा रंग गडद दिसला, उन्हाने न खाल्लेला. चोरीची गाडी? कुणा टॅक्सीवाल्याची? की कुणी बाई मेली या सीटवर, आणि सीट मागे सरकवायचं राहून गेलं?

हे असले विचार आले की तिला स्वतःचाच कंटाळा यायचा. तरी ते येत, आणि खरं सांगायचं तर त्यांची सोबतही वाटायची. ओविदियो गेल्यावर घरात जे उरलं त्यातलं सगळ्यात जिवंत हेच होतं. बेकरीत पाव घेताना ती कालचा तर नाही ना बघायची. बहिणीने फोन केला तर हिला आज काय हवंय बघायची. पण गाडी तिला हवी होती. सालामिना, आरान्सासू, त्या डोंगरांतल्या गावांत म्हाताऱ्यांच्या तोंडात दात नव्हते आणि शहरात यायचं त्यांच्या जिवावर यायचं. शनिवारी आपणच साचे घेऊन तिकडे जावं, हे तिच्या मनाने घेतलं होतं. त्या रस्त्यांना उंच गाडीच हवी. ओविदियो गेल्यापासून पहिल्यांदा तिला काहीतरी हवंसं वाटत होतं, आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती.

"चालवून बघते," ती म्हणाली.

एफ्रेन शेजारी बसला. त्याची सीट मात्र आधीच मागे, पार शेवटपर्यंत सरकवलेली होती. म्हणजे हा माणूस इथे बसतो. या गाडीतली त्याची जागा ही.

पहिल्याच चढावर क्लच फार वर येऊन लागला. मधे सिग्नलचा लाल दिवा लागला आणि पुन्हा निघताना करपल्यासारखा वास आला. कुणीतरी ही गाडी चढावर क्लचवर तोलून धरत आलंय, उगीचच, घाबरून. मागे धूर नव्हता. वळणावर पुढचं चाक ठकठकत नव्हतं. गाडी मुळात चांगली होती. जे बिघडलं होतं ते अलीकडचं होतं, आणि सगळं एकाच तऱ्हेचं.

"इथून वरच्या रस्त्याने घ्या," एफ्रेन म्हणाला.

"खालून का नको?"

"खाली गर्दी असते."

रविवारची सकाळ. खाली चिटपाखरू नव्हतं. निदियाने मुद्दाम खालची गल्ली घेतली. शेजारी त्याचा श्वास बदललेला तिला ऐकू आला.

गल्लीच्या मध्यावर पावाचं दुकान होतं. दारातली जाडी बाई हातातला ट्रे फळीवर टाकून धावतच रस्त्यात आली आणि बॉनेटवर थाप मारून ओरडली, "रोसमिरा! अगं बाई, आहेस कुठे इतके दिवस? मला वाटलं, मोठ्या लोकांच्यात गेलीस, आम्हाला विसरलीस!" मग ती खिडकीशी वाकली, निदियाचा चेहरा पाहिला, आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. नजर पलीकडे एफ्रेनवर गेली. "माफ करा, सेन्योर एफ्रेन. गाडी पाहिली आणि... ती बरी आहे ना?"

"बरी आहे," एफ्रेन म्हणाला. "चला, सेन्योरा."

निदियाने गाडी पुढे नेली, कोपऱ्यावर थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"रोसमिरा कोण?"

"माझी बायको."

"म्हणजे गाडी त्यांची."

"कागद माझ्या नावावर आहेत."

"मी कागदांचं विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, एकाच हातची. तेवढं खरं होतं. हात तुमचा नव्हता."

त्याने डॅशबोर्डवरच्या एका चौकोनी खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तिला आता रस्ते सापडत नाहीत." त्याचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणावं तसा. "मी चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या, इथे, समोर. डावीकडे वळ. चर्च दिसलं की उजवीकडे. शेवटी एकदा ती पार चिंचिना गावात सापडली, इंजिन चालू, ती आत बसलेली. कुणाची तरी वाट बघतेय म्हणाली."

"मग हे आधीच सांगायचं."

"सांगितलं होतं, आधीच्या एकाला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीत झालं. आयुष्यभर ही बाई या गाडीत कापड घालून गावोगाव विकत फिरली, सेन्योरा. तिची लाज मी बाजारात मांडू?"

कुणालाही पाझर फुटावा असं ते बोलणं. निदियाच्या मनात मात्र एक दार आतून खटकन लागलं. कारण ओविदियोसुद्धा असाच बोलला होता, याच सुरात, तिच्या सख्ख्या बहिणीपाशी. निदियाला संशयाचा आजार जडलाय, तो म्हणाला होता. रात्र-रात्र झोपत नाही, नाही नाही ते बघते. मी सांभाळून घेतोय. आणि बहिणीने विश्वास ठेवला होता. परेराची ती गच्ची सापडेपर्यंत बहीण तिला लिंबाच्या फुलांचा काढा आणून पाजायची, डोक्यावरून हात फिरवायची, आणि निदिया ओरडायची तेव्हा मान हलवायची, की बघा, तो म्हणत होता ते खरंच. बाईला वेडी ठरवायला फार लागत नाही. एक मऊ आवाज पुरतो.

"मला त्यांच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तरच मी गाडी घेईन."

"ती नाही म्हणेल."

"मग नाही घेणार."

रोसमिरा बुरितिका अंगणातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. निदियाएवढीच ठेंगणी, केस नीट रंगवलेले, ओठांवर लाली. निदिया खाली उतरताच तिने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि हसली. "गाडी बघायला आलात? बघा हं, या घरात मला कुणी काही सांगत नाही. चाव्या तर पिठाच्या डब्यात लपवतात. मी अरेपा थापायला घेतल्या की माझ्या हाताला चाव्या लागतात, आणि हे म्हणतात, मीच तिथे ठेवल्या!" मग जवळ येऊन हळूच, "मला वेडी ठरवायचं चाललंय. खरं सांगा, वेडी दिसते मी?"

"नाही," निदिया म्हणाली.  किती वर्षांपूर्वी हा प्रश्न तिने स्वतः विचारला होता, आणि समोरच्याने तिला काढा पाजला होता. "मुळीच नाही. तुम्हीच चालवून दाखवा ना मला. तुमची गाडी आहे."

"नको," एफ्रेन म्हणाला.

"का? भीती वाटते?"

तिने तो शब्द टोचावा म्हणूनच वापरला होता. पण एफ्रेन चिडला नाही. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा निदियाकडे, आणि चावी पुढे केली. "मी मागे बसेन," तो म्हणाला.

"बसा, बसा," रोसमिरा म्हणाली. "गुडघे मिटून बसा म्हणजे झालं. उंटासारखे वाढलात तुम्ही."

आणि मग रोसमिराने गाडी काय चालवली! चढावर थांबली आणि वीतभरही मागे न सरकता उचलली. कसला वास नाही, कसला झटका नाही. "हिचा तिसरा गिअर सकाळी हट्टी असतो," ती निदियाला सांगत होती. "धसमुसळेपणा करायचा नाही. जरा थांबायचं, नवऱ्याचा राग उतरेपर्यंत थांबतो ना, तसं. मग आपोआप येतो. आणि आरान्सासूच्या रस्त्यावर तो मोठा घसरडा उतार आहे ना, तिथे ब्रेकला हात... पायच लावायचा नाही, दुसऱ्यात ठेवून द्यायचं. किती वेळा गेलेय मी! गणवेश शिवायचं निळं कापड, लग्नाचं पांढरं कापड. पावसात, धुक्यात." तिचे हात स्टिअरिंगवर इतके सैल होते, की जणू घोड्याच्या मानेवर ठेवलेत. निदियाच्या छातीत एक जुना, कडवट आनंद भरून आला. बघा, आता बघा, असं मनाशी म्हणत ती मागे वळली, त्या मऊ आवाजाच्या माणसाचं तोंड बघायला. एफ्रेन खिडकीबाहेर बघत होता. पण त्याचा लांब हात दोन सीटांच्या मधून पुढे आलेला होता आणि हँडब्रेकच्या वर, न टेकता, तसाच अधांतरी धरलेला होता. निघाल्यापासून तो तिथेच असणार.

टेकडीला वळसा घालून रोसमिरा एका अरुंद गल्लीत उतरली, हिरव्या दाराच्या घरापुढे एका दमात गाडी लावली, फुटपाथला चाक न लावता. चावी काढली. "उतरा," ती निदियाला म्हणाली. "कॉफी टाकते. आणि घर पसरलंय म्हणून नावं ठेवायची नाहीत."

निदिया उतरली. हे ते घर नव्हतं. ते अंगण, ती भिंतीवरची हत्यारं, ते फाटक, काहीच इथे नव्हतं. रोसमिरा जुडग्यातली एकेक चावी हिरव्या दाराला लावून पाहत होती, न वैतागता, स्वतःशी गुणगुणत.

"हे आम्ही विकलं," एफ्रेन मागून म्हणाला. "मुलगा शाळेत जायचा तेव्हा."

निदियाला वाटलं, आता तो पुढे होईल, तिचा दंड धरेल, चल म्हणेल. तो जागचा हलला नाही. दार आतूनच उघडलं. कडेवर बाळ घेतलेली, केस विस्कटलेली एक तरुण मुलगी दारात उभी होती. "आलात का, सेन्योरा रोसमिरा?" ती म्हणाली. मग तिची नजर गाडीवर गेली आणि ती एफ्रेनकडे बघून अगदी हळू म्हणाली, "आज गाडीने?" त्याने मान हलवली.

"युरानी, बाळाला टोपी घाल, वारा आहे," म्हणत रोसमिरा तिला ओलांडून आत गेलीसुद्धा. निदिया तिच्यामागे गेली. रोसमिराने स्वयंपाकघरात जाऊन, टाचा उंचावून, न बघता, चुलीवरच्या कोपऱ्यातल्या फडताळात हात घातला आणि कप काढले. ते फडताळ फार उंच होतं, गैरसोयीचं. रोजचे कप तिथे कुणी ठेवत नाही. बाकीची सगळी भांडी खाली, हाताशी होती. निदियाने युरानीकडे पाहिलं.

"आधी खालीच ठेवायचे मी," युरानी पुटपुटली. "त्यांना सापडायचे नाहीत. मग रडायच्या."

निदिया उभी राहिली आणि सवयीने शोधू लागली. या मुलीला यातून काय मिळतं? म्हातारा काही देत असेल. घराचं काही राहिलं असेल. शेजाऱ्यांत नाव व्हावं असं असेल. एकेक कारण तिने उचलून उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, वास घेतला, आणि खाली ठेवलं. बाळ तिच्या गळ्यातली साखळी ओढायला लागलं होतं. रोसमिरा साखर शोधत नव्हती. साखरसुद्धा तिच्या जुन्याच जागी होती.

ती बाहेर आली. एफ्रेन अजून गाडीपाशीच उभा होता, टपावर हात ठेवून. आत जायचं त्याला जमत नसावं.

"मी घेते गाडी," ती म्हणाली.

"क्लच जाणार आहे. बदलावाच लागेल."

"कळलं मला ते."

"डावं दार तिनेच घासलं. चाकंही."

"हो."

 धुकं आता गल्लीत उतरलं होतं आणि पलीकडच्या घरांची छपरं पुसली गेली होती. निदियाला माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते तिला जुळवता येईना. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ती इथे आणेल. मग चावी का दिलीत? मी काहीही म्हटलं तरी तुमच्या हातात होतं. नाही म्हणायचं होतं."

एफ्रेनने रुआनाच्या टोकाने टपावरचं दव पुसलं, जिथे पुसायची काही गरज नव्हती.

"तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात," तो म्हणाला, "की हा माणूस खोटारडा आहे, बायकोला कोंडतोय. आणि मला वाटलं, असेन. डॉक्टर सांगतो, मुलगा सांगतो, सगळे माझीच बाजू घेतात. कुणी एकानेही म्हटलं नाही, की रोसमिरा बरोबर आणि एफ्रेन चूक. तुम्ही म्हणालात." तो टप पुसतच राहिला. "इतकी चांगली चालवत होती आज. त्या शेवटच्या वळणापर्यंत मला वाटत होतं, तुम्हीच जिंकणार."

निदियाने हात पुढे केला, पण त्याच्या दंडापर्यंत तो पोचायच्या आधीच आतून आवाज आला.

"अहो, दोघं आत या की!" रोसमिरा दारात कप घेऊन उभी होती, कपातून वाफ वर जात होती. "आपल्याच घराबाहेर परक्यासारखे काय उभे आहात?"

एफ्रेनने मान खाली घालून हिरव्या दाराची चौकट ओलांडली. निदिया त्याच्यामागून आत गेली.